दूरनियंत्रित नौका : बांधावी एकट्याने, चालवावी सोबतीने

जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानांत पत्र्याची एक छोटी बोट हमखास असे. तिच्या पोटात तेलाची वात पेटविली, की मागच्या दोन बारीक नळ्यांतून पाणी आत-बाहेर होऊ लागे आणि परातीतल्या पाण्यात ती फटफट करीत गोल गोल फिरे. इंग्लंडमध्ये १८९१ साली थॉमस पिओट यांनी ह्या युक्तीचे पेटंट घेतले आणि पुढे ती जगभरच्या मुलांच्या हाती पोहोचली. ह्या बोटीत एकच उणीव होती. एकदा सोडली, की ती कोणाचे ऐकत नसे. परातीत त्याने काही बिघडत नाही. तळ्यात मात्र बिघडते. काठावर उभे राहून दूरच्या नौकेला वळविता यावे, थांबविता यावे, परत बोलाविता यावे, ह्या इच्छेतून दूरनियंत्रित नौकांचा छंद उभा राहिला.

दूरनियंत्रित नौका म्हणजे रेडिओ लहरींच्या साहाय्याने काठावरून चालविली जाणारी लहान नौका. ती खऱ्या जहाजाची प्रमाणबद्ध प्रतिकृती असू शकते, केवळ वेगासाठी बांधलेली असू शकते, किंवा वाऱ्यावर चालणारी शिडाची असू शकते. घरातल्या टेबलावर महिनोन्‌महिने चालणारे बांधकाम हा ह्या छंदाचा एक अर्धा भाग होय, आणि पाण्यावरचा संचार हा दुसरा. पहिला अर्धा एकट्याला साधतो. दुसऱ्यासाठी माणसे लागतात. ती न मिळाल्यामुळे कष्टाने पुरी केलेली नौका काचेच्या कपाटात जाऊन बसते, हा अनुभव ह्या छंदात नवा नाही.

छंदाचा पूर्वेतिहास

रेडिओने चालणारी पहिली प्रसिद्ध नौका निकोला टेस्ला यांची. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत प्रदर्शनात त्यांनी पाण्याच्या हौदात एक लहान लोखंडी नौका सोडली आणि तिला कोणताही स्पर्श न करता वळवून दाखविले. रेडिओ हा शब्दही तेव्हा लोकांच्या कानी नव्हता. त्या शोधाचे अमेरिकी पेटंट, क्रमांक ६,१३,८०९, टेस्ला यांना ८ नोव्हेंबर १८९८ रोजी मिळाले. आजच्या प्रत्येक दूरनियंत्रित वाहनाचे मूळ त्या हौदात आहे.

नौकांच्या प्रतिकृती तळ्यात सोडण्याची रीत मात्र त्याहून जुनी. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधील ‘राउंड पाँड’ हे गोल तळे एकोणिसाव्या शतकापासून शिडाच्या छोट्या नौकांसाठी ओळखले जाते. त्या काळी शीड आणि सुकाणू काठावरच बांधून नौका सोडून देत, आणि ती पलीकडच्या काठाला लागली, की काठीने वळवून पुन्हा सोडीत. म्हणजे एका नौकेला दोन काठ लागत आणि दोन काठांना दोन माणसे. लंडनच्याच व्हिक्टोरिया पार्कमध्ये १९०४ साली वाफेवर चालणाऱ्या नौकांचे मंडळ स्थापन झाले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील ‘कॉन्झर्व्हेटरी वॉटर’ ह्या तळ्याकाठचे मंडळ १९१६ सालचे. ई. बी. व्हाइट यांच्या ‘स्टुअर्ट लिटल’ ह्या १९४५ सालच्या बालकादंबरीतील उंदीरनायक शर्यतीची नौका हाकतो ती ह्याच तळ्यात.

नौकेच्या पोटात काय असते?

चालकाच्या हातातील प्रक्षेपक, म्हणजे ट्रान्समीटर, दांडीची प्रत्येक हालचाल लहरींच्या रूपाने पाठवितो. नौकेतील रिसीव्हर त्या लहरी ग्रहण करतो. सुकाणू वळविण्याचे काम सर्व्हो नावाची छोटी मोटर करते, तर पंख्याचा वेग कमी-अधिक करण्याचे काम स्पीड कंट्रोलरकडे असते. शिडाच्या नौकेत दुसरा सर्व्हो शिडाची दोरी ओढतो किंवा सैल सोडतो. पंख्याचा दांडा जेथून पाण्यात उतरतो तेथे नळी बसवून तिच्यात दाट वंगण भरतात. पाणी आत शिरते ते बहुधा ह्याच वाटेने, म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी ही जागा तपासण्याचा परिपाठ असतो.

बांधणीच्या पद्धती खऱ्या जहाजांच्याच. आधी कणा, त्यावर फासळ्या आणि फासळ्यांवर पातळ पट्ट्या. प्लायवुड आणि बाल्सा ही नित्याची लाकडे. फायबरग्लास आणि रेझिन यांनी साच्यातून काढलेले कवच अधिक टिकते. शिवाय साचा एकदा तयार झाला, की त्यातून एकाच घाटाची पाच-दहा कवचे काढता येतात. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

वजन, वेग आणि वारा

ह्या छंदात नवखा माणूस पहिल्यांदा चकतो तो वजनाच्या हिशेबात. भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ १९६१ ते १९९७ अशी नौदलाच्या सेवेत होती. तिची लांबी सुमारे २१३ मीटर आणि पूर्ण भारासह वजन सुमारे १९,५०० टन. तिची दोनशेपट लहान प्रतिकृती एक मीटरहून थोडी लांब भरते आणि पाणरेषेपर्यंत बुडण्यासाठी तिचे वजन सुमारे अडीच किलो असावे लागते. तीच प्रतिकृती शंभरपट लहान करायची ठरविली, तर लांबी दुप्पट होते. वजन मात्र आठपट वाढून साडेएकोणीस किलोंवर जाते. कारण वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पहिली नौका एक जण बगलेत मारून नेईल. दुसरी जिन्यावरून उतरवायला दोघे हवेत, आणि निसरड्या पायरीवरून पाण्यात ठेवायलाही.

वेगाचा नियम निराळा आहे. प्रतिकृतीच्या लाटा खऱ्या जहाजाच्या लाटांसारख्या दिसाव्यात, तर वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो. ताशी ४६ किलोमीटर वेगाने जाणारे जहाज शंभरपट लहान केले, तर त्याचा वेग शंभराने नव्हे, दहाने भागायचा. उत्तर येते ताशी साडेचार किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे काठावरून भरभर चालणाऱ्या माणसाइतके. युद्धनौकेची प्रतिकृती मोटारबोटीसारखी उधळताना दिसली, की जाणकार नाक मुरडतात ते ह्याच कारणाने.

शिडाच्या नौकेत तिसरी अडचण उभी राहते. नौका लहान करता येते, वारा लहान करता येत नाही. शिडावरील वाऱ्याचा कलविणारा जोर लांबीच्या घनाने घटतो, तर नौकेला पुन्हा सरळ करणारा जोर चौथ्या घाताने घटतो. परिणामी तीसपट लहान केलेले गलबत त्याच वाऱ्यात मूळ गलबतापेक्षा तीसपट हळवे ठरते. मराठा आरमारातील गुराब किंवा गलबत यांची देखणी प्रतिकृती पहिल्याच झुळुकीला आडवी होते ती बांधणाऱ्याच्या हयगयीने नव्हे. त्यावर उपाय म्हणजे पाण्यात उतरविताना तळाला काढता-घालता येईल असे खोल पाते बसवून त्याच्या टोकाशी शिशाचे वजन देणे. जुन्या दर्यावर्दींच्या भाषेत हे नीरमच. फक्त पोटातून काढून पायाशी बांधलेले. असा उपाय पुस्तकात सापडतोच असे नाही. तो काठावर, आधी नौका बुडवून बसलेल्या माणसाकडून कळतो.

लहरींनी बांधलेली मंडळे

पूर्वी ह्या छंदिष्टांना एकत्र यावेच लागे, आणि त्याचे कारण रेडिओच्या तंत्रातच होते. प्रत्येक संचाची लहर स्फटिकाने, म्हणजे क्रिस्टलने ठरत असे. एकाच लहरीवर दोघांनी प्रक्षेपक सुरू केले, तर दोन्ही नौका बेभान होत. ब्रिटनमध्ये २७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील लहरींना तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा आणि निळा असे रंग दिलेले होते. प्रक्षेपकाच्या उभ्या कांबीला त्या रंगाची फीत बांधून चालक आपली लहर जाहीर करीत. मंडळाच्या फलकावर प्रत्येक लहरीसाठी एक खुंटी असे. खुंटी हाती असेल त्यानेच संच सुरू करायचा आणि फेरी संपताच ती परत लावायची. दुसऱ्याला वाट देण्याची शिस्त अशी तंत्रानेच शिकविली.

२००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्‌झचे संच छंदाच्या बाजारात आले आणि हे चित्र पालटले. ह्या पद्धतीत प्रक्षेपक आणि रिसीव्हर सांकेतिक क्रमांकाने एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे शेजारी दहा संच चालू असले तरी एकाचा दुसऱ्याला उपद्रव होत नाही. भारतातही २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ साली परवान्यातून सूट मिळाली. ह्या लहरी पाण्यात मात्र फार शिरत नाहीत. म्हणून रिसीव्हरची तार पाणरेषेच्या वर ठेवावी लागते, आणि प्रतिरूप पाणबुड्या चालविणारे अजूनही जुन्या, लांब लहरींच्या संचांना धरून असतात.

सोय वाढली; परंतु एकत्र येण्याची सक्ती गेली. खुंटीच्या फलकापाशी ज्या ओळखी होत त्या आता आपोआप होत नाहीत, मुद्दाम कराव्या लागतात. महाराष्ट्रासारख्या ठिकाणी, जेथे हे छंदिष्ट विखुरलेले आहेत, हा प्रश्न अधिकच जाणवतो.

सोबती कोठे सापडतात?

पहिली जागा म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेचा नौदल विभाग. ह्या विभागाच्या शिक्षणक्रमात जहाजांच्या प्रतिकृती बांधणे हा विषय आहे आणि छात्रांच्या वार्षिक ‘नौसैनिक शिबिरा’त त्याच्या स्पर्धाही होतात. महाविद्यालय सुटल्यावर हत्यारांची पेटी माळ्यावर टाकलेले असे माजी छात्र मुंबई-पुण्यात शोधले तर सापडतात. त्यांना नव्याने शिकवावे लागत नाही. आठवण करून द्यावी लागते.

दुसरी जागा विमानांच्या प्रतिकृती उडविणाऱ्यांची. प्रक्षेपक, सर्व्हो, बॅटरी, चार्जर हे सारे साहित्य दोन्ही छंदांत समान असते. हवेत उडणाऱ्या मानवरहित साधनांना २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत, त्यामुळे उड्डाणाच्या जागा मर्यादित झाल्या. पाण्यावरच्या नौकेला ते नियम लागू नाहीत. विमान कोसळले, की आठवड्यांचे काम मातीत जाते. नौका बंद पडली तर बहुधा तरंगत राहते. ह्या तुलनेवर काही विमानवाले तळ्याकडे वळतात.

तिसरी जागा गोदीची. मुंबईसारख्या बंदराच्या शहरात व्यापारी जहाजांवरचे निवृत्त अभियंते, गोदीतील कारागीर, नौदलातून बाहेर पडलेले लोक यांची वाण नाही. लेथवर पितळी दांडा कातून देणारा हात आणि जहाजाचा नकाशा वाचणारी नजर त्यांच्यापाशी असते. कोकणच्या किनाऱ्यावर होड्या बांधणारे सुतार फळीला वाफ देऊन बाक कसा आणावा हे कृतीने दाखवितात. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांत दूरनियंत्रित नौकांच्या शर्यती होतात. तेथील विद्यार्थ्यांना वेगाची हौस असते आणि विद्युत-साहित्याची उत्तम जाण असते. त्यांची नौका बहुधा थर्मोकोलची आणि एका दिवसाची असते, परंतु ओढ खरी असते. छंदसाहित्याच्या दुकानदाराला विचारले, तर गेल्या वर्षी पाण्याचा पंखा कोणी नेला, हे त्याला चांगले आठवते.

मात्र सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतः पाण्यावर जाणे. ठरलेल्या तळ्यावर, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एक नौका चालू दिसली, की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोणी तरी थबकून विचारतोच, “ही किती वेळ चालते?” प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती दोन मिनिटे प्रक्षेपक देणे हे दहा सूचनाफलकांहून अधिक परिणामकारक ठरते. येथे नेमाला महत्त्व आहे. कधी शनिवारी, कधी रविवारी, कधी संध्याकाळी असे केले, तर शोधणारा आणि सापडणारा यांची गाठ पडत नाही.

पाणी आणि परवानगी

तळे निवडताना काठ उतरता आणि पक्का असावा, पाणी स्थिर असावे आणि समोरचा काठ डोळ्यांच्या टप्प्यात असावा. शंभर मीटरांपलीकडे लहान नौकेची नाळ कोणती आणि पिछाडी कोणती, हे ओळखणे अवघड जाते. नौका आपल्याकडे तोंड करून येत असताना डावे-उजवे उलटे होते, ही नवख्यांची नेहमीची फसगत.

महाराष्ट्रातील तळ्यांची आपली अशी अडचण जलपर्णीची. तिचा एक देठ पंख्यात गुंतला, की मोटर तापून जळू शकते. गणेशविसर्जनानंतर काही आठवडे दोरे, कापड आणि निर्माल्य यांमुळे हाच धोका वाढतो. पवई तलावात मगरींचा वावर आहे. तेथे पाण्यात हात घालण्यापूर्वीही विचार हवा. खाडीचे किंवा समुद्राचे पाणी भरती-ओहोटीमुळे बेभरवशाचे. शिवाय खाऱ्या पाण्याने धातूचे भाग गंजतात. अशा फेरीनंतर नौका गोड्या पाण्याने धुऊन पुसावी लागते.

बहुतेक शहरी तळी नगरपालिकेच्या वा महापालिकेच्या ताब्यात असतात. एकट्याने मागितलेली परवानगी अनेकदा टेबलावर पडून राहते. पाच-सहा जणांनी सही केलेला, वार, वेळ आणि जागा स्पष्ट लिहिलेला अर्ज अधिक गांभीर्याने घेतला जातो. इंधनाच्या इंजिनांऐवजी केवळ विजेच्या आणि शिडाच्या नौका चालविण्याची हमी दिली, तर आवाज आणि तवंग ह्या दोन्ही हरकती आधीच निकालात निघतात. पक्ष्यांच्या विणीच्या जागा आणि गळ टाकून बसलेले लोक यांच्यापासून अंतर राखणे हाही त्या हमीचा भाग असावा.

गट टिकतो कशाने?

गट जमविण्यापेक्षा टिकविणे कठीण. एकाकडे ओढबोट, दुसऱ्याकडे वेगवान बोट, तिसऱ्याकडे विनाशिका अशी स्थिती असेल, तर प्रत्येक जण आपली नौका फिरवितो आणि घरी जातो. शर्यत लागत नाही. जगभरच्या मंडळांनी ह्यावर शोधलेला तोडगा म्हणजे सर्वांची एक नौका सारखी असणे. शिडाच्या नौकांतील ‘इंटरनॅशनल वन मीटर’ हा वर्ग १९८८ साली ह्याच हेतूने आखला गेला. लांबी एक मीटरपेक्षा अधिक नाही, वजन चार किलोंपेक्षा कमी नाही आणि शिडांची मापे ठरलेली. नौका सारख्या झाल्या, की जिंकणे हातात येते, खिशात राहत नाही. येथेच फायबरग्लासचा तो एक साचा कामास येतो. चौघांनी मिळून एका साच्यातून चार कवचे काढली, तर खर्च वाटला जातो आणि पहिली शर्यतही आपोआप ठरते.

शर्यत नको असणाऱ्यांसाठी कौशल्याच्या फेऱ्या असतात. बोयांच्या जोड्यांमधून धक्का न लावता जायचे, मागे यायचे आणि शेवटी लहानशा धक्क्याला नौका अलगद लावायची. ओढबोटींच्या जोडीने मोठे जहाज धक्क्याला लावणे हा खेळ तर तीन चालकांविना होतच नाही. त्यात एकाची चूक तिघांची होते.

काठावरची शिस्त

नौका मध्येच बंद पडते. प्रत्येकाची कधी ना कधी पडतेच. अशा वेळी तिच्यामागे पोहत जाण्याचा मोह हा ह्या छंदातील खरा धोका होय. तळ्याच्या तळाशी गाळ असतो, वनस्पतींत पाय अडकतात, खोलीचा अंदाज चुकतो, आणि काठावर दुसरे कोणी नसेल तर हाक ऐकायलाही कोणी नसते. जाणत्या मंडळांचा नियम म्हणून साधा असतो : नौकेसाठी पाण्यात उतरायचे नाही. दुसरी नौका पाठवून हळूहळू ढकलत आणावी, टेनिसचा चेंडू बांधलेली लांब दोरी पलीकडे फेकून ओढावी, नाहीतर वाट पाहावी. वारा बहुतेक वेळा नौकेला कोणत्या ना कोणत्या काठाला लावतोच. लहर तुटताच मोटर थांबेल अशी योजना रिसीव्हरमध्ये आधीच करून ठेवणे, आधी प्रक्षेपक आणि मग नौका सुरू करणे, बंद करताना हा क्रम उलटा ठेवणे, आणि लिथियम पॉलिमर बॅटऱ्या कोणी समोर असल्याखेरीज चार्ज न करणे, हे उरलेले नियम. फुगलेली किंवा दबलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, ह्यात अपवाद नाही.

हे नियम वाचून पाठ होतात. परंतु दोन वर्षे खपून बांधलेली नौका डोळ्यांदेखत दूर वाहत असताना ते पाळले जातात ते खांद्यावर कोणी तरी हात ठेवतो म्हणून. दोरी फेकणारा, ढकलबोट सोडणारा आणि “थांबा, येईल ती काठाला” असे म्हणणारा माणूस शेजारी असणे, हीच ह्या छंदातील पहिली सुरक्षा-सामग्री. त्यासाठी मोठे मंडळ, घटना, पदाधिकारी यांची गरज नसते. एक तळे, रविवारची सकाळ आणि दोन नौका एवढ्यावर प्रारंभ होतो. तिसरी नौका बहुधा बघ्यांतून येते.